हाळी न देता

लाइट गेली नव्हती, आणि राहीबाईला तेच आधी उमजेना. डोक्यावर पंखा गरगरत होता. बाहेरच्या खोलीत टीव्हीवरची कुणीतरी सासू कुणातरी सुनेवर खेकसत होती. न्हाणीतला दिवा नात भाविका विझवायला विसरली होती, तो तसाच जळत होता. आणि एवढं सगळं धडधाकट चालू असताना तिच्या खोलीतलं थंड मशीन तेवढं टक् करून गप्प झालं. तिन्हीसांजेची वेळ होती. मे महिना, अंजूरच्या खाडीवरून वाऱ्याची झुळूक नाही, आणि दिवसभर तापलेल्या गोदामांच्या पत्र्यांची धग गल्लीत उतरलेली. राहीबाई नुकती न्हाऊन आली होती. केस मोकळे, पदर खांद्यावरून घसरलेला, चोळीची गाठ सैल सोडून ती पलंगावर पाय पसरून बसली होती, आणि मानेमागून थंड हवा फिरायला लागतेय न लागतेय तोच टक्. मशीन शेवटचं एकदा फुरफुरलं आणि थांबलं. त्याच क्षणी राहीबाईचा हात आपसूक वर गेला. त्याने घसरलेला पदर ओढला, डोक्यावर घेतला, कानामागे नीट खोचला. पायही तिने जवळ ओढून घेतले. कोण आलं? दार तर आतून लावलेलं. खिडकीला पडदा. खोलीत कोणी म्हणजे कोणी नव्हतं. बोर्डाला तो पांढरा डबा लटकलेला होता, तिच्या मुलाने, मनोजने, चार दिवसांमागे बसवून घेतलेला, आणि त्याच्यावरचा हिरवा ठिपका लाल झाला होता. राहीबाई डब्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आपण पदर घेतला तो ह्याच्यासमोर. अगं बाई गं! साठी उलटली, सासरा जाऊन जमाना झाला, नवरा गेला, जुनं घर पाडून त्या जागी स्लॅबचं उभं राहिलं, आणि हा मेला हात अजून पदराकडे धावतो? तेही एका डब्यापुढे?

तिला स्वतःच्या हाताचाच राग आला. तो मांडीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली. ह्या हाताला कोणी शिकवलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. केसरीनाथ, तिचा सासरा. तो गेला तेव्हा मनोज रांगत होता, तरी त्याच्या खाटेच्या सुंभाची करकर तिला आजही ऐकू यायची. जुन्या घरात ओटी आणि चूल ह्यांच्या मधोमध एक खांब होता, खांबाला खिळा, खिळ्याला कंदील. घरात कंदील एकच. खांबाला लागून केसरीनाथची खाट. पुरुषांची जेवणं आटपायची, तो हात धुऊन खाटेवर टेकायचा, विडी ओढायचा, आणि विडी संपली की आडवं होता होता हात लांबवून कंदिलाची वात खाली करायचा. तोंडातून शब्द नाही. चुलीपाशी बायका तेव्हा कुठे पानावर बसलेल्या असायच्या, पहिला घास हातात असायचा. ‘जेवलात का गो?’ एवढं तरी विचारावं माणसाने. न्हाय. वात खाली, आणि पानात काय आहे ते दिसेनासं. राही दिघाशीची पोर, खाडीपासून लांबची. तिच्या माहेरी मासळी म्हणजे बाजारातली सुकी. सासरी मात्र रोज खाडीतलं बोईट, आणि बोईट म्हणजे अंगभर काटे. सासू धोंडूबाई अंधारात जिभेनेच काटे वेचायची, नव्या सुनेला ते कुठून जमायला? लग्नाची हळदही उतरली नव्हती तेव्हा एक काटा घशात आडवा गेला. खोकल्याची उबळ आली. धोंडूबाईने पाठीत बुक्की घातली, सुक्या भाताचा गोळा तिच्या तोंडात दिला, आणि कानाशी लागून म्हणाली, “खोकू नको गो, तो उठंल.” खोकू नको! घशात काटा रुतलेला आणि खोकू नको! राहीने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि डोळ्यांना धारा लागलेल्या असताना तो काटा गिळला. भाताला रक्ताची चव लागली. दुसऱ्या दिवसापासून ती कोरडा भात खायला शिकली. तिच्या वाटणीची मासळी पानाच्या कडेला राहायची ती मांजर न्यायचं. दत्तू, तिचा नवरा, मिठागरावर राबणारा भला माणूस. त्याच्या कानावर घातलं तर म्हणाला, “बाचं असंच हाय. घासलेट वाचतं.” वाचत असेल. घासलेट वाचवायला तिची कुठे ना होती? पण विचारायला काय घासलेट लागतं?

चोळीची गाठ बांधून राहीबाईने दार उघडलं. सून निशा स्वयंपाकघरात ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती, घामाने न्हालेली. तिच्याकडे एसी नव्हता, तिला त्याची हौसही नव्हती.

“निशा, माझं मशीन कोणी बंद केलं गो?”

“कोणी नाय आई, लाइटच्या कंपनीनं. संध्याकाळचा लोड वाढला की ते तिकडूनच बंद करतात. थोड्या वेळानं आपोआप चालू होईल.”

“तिकडून म्हंजे कुठून?”

“ऑफिसातून. त्या डब्यात मोबाइलसारखं कार्ड असतं. तिथं बसलेला माणूस बटण दाबतो आणि इथं बंद.” निशाने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. “चांगलंच हाय ना आई. गावात ज्यांच्या ज्यांच्याकडे एसी हाय त्यांनी डबे बसवले तर आपलं संध्याकाळचं लोडशेडिंग उठणार. बघा ना, चार दिवस झाले, ह्या वेळेला लाइट गेली का? तुमचं एक मशीन थोडं थांबतं, तर सगळ्या आळीचे पंखे फिरतात.”

निशाचं खोटं नव्हतं. भिवंडीच्या लोकांना लोडशेडिंग काय नवं? रोजचं ठरलेलं. लाइट जायची, गल्ली एका आवाजात ‘गेली रे’ म्हणायची, आणि बायका पंखे सोडून ओट्यांवर येऊन बसायच्या. त्यात अपमान कोणाचा नव्हता. गेली ती सगळ्यांचीच गेली. पण हे काहीतरी वेगळं होतं. पंखा चालू, टीव्ही चालू, अख्खं घर चालू, आणि कुठल्या तरी परक्या माणसाने लांबून हात घालून हिच्याच अंगावरची हवा तेवढी काढून घेतली. हिच्याच. ती परत खोलीत आली तेव्हा भिंतींतून उकाडा पाझरायला लागला होता. थोड्या वेळाने मशीन आपणहून चालू झालं. ठिपका हिरवा झाला, थंड हवा आली, पण राहीबाईला ती नकोशी वाटली. दिलेलं परत घेतलं आणि पुन्हा दिलं, असली हवा.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिची मान त्या डब्याकडे वळलेली राहू लागली. टक् कधी होईल त्याचा नेम नसायचा. ती आधीच अंग चोरून बसायची. लुगडं बदलायचं असलं तर न्हाणीत जाऊन बदलायची, ओल्या फरशीवर, कडी लावून. एकदा तर तिने डब्यावर भाविकाची जुनी ओढणी टाकली. भाविका कॉलेजातून आली, ओढणी ओढून काढली आणि खो खो हसत सुटली.

“आजी, हे काय गं? तो काय बघतो काय तुला?”

“बघत न्हाय?”

“नाय गं! कॅमेरा थोडीच हाय त्यात. तिथल्या माणसाला काहीच दिसत नाय. तू बसलीयस, झोपलीयस, काय करतेयस, घरात हायस का नाय, काय म्हणजे काय कळत नाय त्याला. तो फक्त बंद करतो.”

पोरीला वाटलं आजीची समजूत पटली, आणि ती मोबाइल कानाला लावून निघून गेली. राहीबाई मात्र जागच्या जागी थिजली. म्हणजे न बघताच बंद करतो! इतके दिवस तिला वाटत होतं, कोणी तरी टक लावून बसलाय. त्याचा संकोच होता, पण त्यात निदान माणूस तरी होता. बघणाऱ्याला कधीतरी लाज वाटते, बाई न्हातेय, बाई आजारी आहे, राहू दे म्हणतो. ह्याला तर काहीच ठाऊक नाही. केसरीनाथही कुठे बघायचा? तो कुशीवर वळलेला असायचा, तोंड भिंतीकडे, आणि हात मागे लांबवून नुसत्या अंदाजाने वात खाली करायचा. चुलीपाशी चार बायका तोंडात घास घेऊन बसल्यात, हे त्याला माहीतच नसेल का? आयुष्यात पहिल्यांदाच हा विचार तिच्या मनात आला, आणि तिला वाटलं, तो दुष्ट होता असं धरून चालणं सोपं होतं. त्याच्या खिजगणतीतच आपण नव्हतो, हे गिळणं त्या काट्याहून कठीण.

आणि हाच केसरीनाथ घराबाहेर कसा होता! ते आठवलं की राहीबाईचं डोकंच फिरायचं. खाडीच्या काठाने गावाची खारजमीन होती, तिला मातीचा मोठा बांध, आणि बांधात लाकडी फळ्यांचं दार. त्याला उघाडी म्हणायचे. भरतीला दार लावून खारं पाणी बाहेर ठेवायचं, ओहोटीला फळ्या उचलून शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ह्यांच्या घराकडे. पण फळी उचलायच्या आधी केसरीनाथ, तो मिजाशी केसरीनाथ, भर पावसात बांधावरून टोकापर्यंत चालत जायचा आणि एकेका शेताला हाळी द्यायचा. “उघडतो रेऽऽ! हाय का कोण?” शेतातून उत्तर यायचं, “उघड गाऽऽ!” पण एखाद्याची रोपं अजून नीट रुजलेली नसायची, पाण्याच्या ओढीने वाहून जातील अशी. तो ओरडायचा, “थांब!” आणि केसरीनाथ थांबायचा. घोंगडी पांघरून बांधावर उकिडवा बसून राहायचा. रोपं सावरेपर्यंत, त्याने परत ‘आता उघड’ म्हणेपर्यंत. राही त्याची भाकरी घेऊन बांधावर जायची तेव्हा हे सगळं डोळ्यांनी बघायची. एका माणसाच्या ‘थांब’साठी अख्ख्या गावाचं पाणी थांबायचं, आणि त्याबद्दल कोणाची कुरकुर नसायची. शेताला विचारायची रीत होती. चुलीला विचारायची नव्हती, एवढंच. तेव्हा तिला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि असं वाटत होतं की तळपायाची आग मस्तकात जावी.

बरं, हे मशीन काय तिला कोणी दान दिलं होतं? खारजमिनीत भराव पडून गोदामं उभी राहायची ठरली, तेव्हा दत्तूच्या मागे त्याच्या हिश्श्यावर तिचा अंगठा लागणार होता. भिवंडीत नोंदणीच्या कचेरीत मनोज तिला घेऊन गेला. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यापलीकडून लूमचा खडखडाट येत होता, गर्दीत तिचा जीव कासावीस झाला होता. मग तिला साहेबाच्या केबिनीत नेलं, आणि दार लोटल्याबरोबर ती हवा अंगावर आली. राहीबाईला वाटलं, कोणीतरी मानेवर ओलं फडकं ठेवलं. मिठागरावर तिने उमेदीची वर्षं काढली होती, डोक्यावर ऊन आणि खाली मिठाचा लखलखाट, पायांच्या भेगांत मीठ जाऊन झोंबायचं तेव्हा रात्री पाय ओल्या मातीत पुरून झोपायची. त्या अंगाला आजपर्यंत असं काही लाभलं नव्हतं. कारकुनाने तिचा अंगठा शाईवर दाबला, कागदापाशी नेला, आणि तिने हात वर उचलून धरला. “मनोज, आधी शब्द दे. माझ्या खोलीत ही हवा पायजे.” सगळे हसले. मनोज लाजला. “आये, तुला एसी? बरं बरं, देतो. आता लाव अंगठा.” “सगळ्यांसमोर बोल, दिला म्हणून.” “दिला गो बाय, दिला!” तेव्हा कुठे तिने अंगठा टेकवला. जन्मात तिने स्वतःसाठी मागितलेली ही एक गोष्ट. जमीन गेली, खाडी गोदामांच्या आड गेली, आणि त्या सगळ्याच्या बदल्यात तिच्या वाट्याला ही चार भिंतींतली थंड हवा आली. लोक म्हणायचे, म्हातारीला काय थेर सुचतायत. म्हणोत बापडे. दुपारी दार लावून ती त्या हवेत पडली की भाजलेलं अंग एकेक बोट करून निवायचं, आणि तिला खरोखर सुख व्हायचं.

मनोज घरी आला तसा तिने त्याला गाठलं. “तो डबा काढ.”

“आये, असं काय करतेस? थोडा वेळ तर बंद राहतं. आणि कंपनीचे साहेब बुधवारी यायचेत, आपल्या घरी. आळीतल्या लोकांना डबा कसा चालतो ते दाखवायला. त्यांना मी शब्द दिलाय. नव्या गोदामाचं कनेक्शन अडलंय माझं, त्यांच्याच सहीवर हाय ते.”

“शब्द मना पण दिलावतास.”

“मग एसी दिला ना! काढून घेतला का कोणी?”

“मना कोणी इचारलं?”

मनोजने कपाळाला हात लावला. “त्यात काय इचारायचं, आये?” तो वाईट मुलगा नव्हता. राहीबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला दत्तूचं तोंड दिसलं, ‘बाचं असंच हाय’ म्हणणारं. भली माणसं! ह्या भल्या माणसांनीच तिचा जन्म कुरतडून खाल्ला होता. ती खोलीत गेली आणि डब्यासमोर उभी राहिली. बसवायला आलेल्या भय्याने तिला बजावलं होतं, “अम्मा, इसको हाथ मत लगाना.” पण त्याने तो कसा बसवला ते तिने पलंगावरून बघितलं होतं. मशीनची जाड पिन त्याने बोर्डातून उपसली, बोर्डात डबा खोचला, आणि डब्यात पिन. बस, एवढंच. एवढंसं ते. तिने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. कशाला घाबरतेस, तिने स्वतःला विचारलं. शॉक बसेल म्हणून? छे. तिला भीती वाटत होती ती निराळीच. हे बोट एकदा डब्याला लागलं की मग इतकी वर्षं का नाही लागलं, ह्याचा जाब द्यावा लागणार होता. खिळ्यावरचा कंदील काही आभाळात नव्हता. उठून वात वर करायला चार पावलं चालायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी साहेब आला. तरुण पोरगा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. आळीतल्या बायका खोलीत दाटीवाटीने उभ्या, पुरुष दाराबाहेर. निशाने सगळ्यांना सरबत फिरवलं. राहीबाईला पलंगावर मधोमध बसवलं होतं, नवं लुगडं नेसवून, सत्यनारायणाला बसवतात तसं. मशीन सुरू होतं आणि बायका आ करून त्या थंड हवेखाली माना फिरवत होत्या. साहेबाने डब्याकडे हात करून सगळं समजावून सांगितलं, सगळ्यांनी एकाच वेळी मशीनं लावली की तारांवर कसा ताण येतो, आणि थोड्यांनी थोडं सोसलं तर सगळ्यांना कसं मिळतं. राहीबाई नीट ऐकत होती. त्यात तिला काही खोटं सापडेना. “आजींचंच बघा,” साहेब म्हणाला, “आजींनी गावासाठी केवढा त्याग केलाय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने मोबाइल कानाला लावला. “हां, अंजूरचा तो युनिट. करा बंद.”

टक्. ठिपका लाल झाला. बायका ‘अगो बाय!’ म्हणाल्या आणि परत टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत राहीबाईला जाणवलं की आपला उजवा हात वर निघालाय. पदराच्या काठाला बोटं लागलीसुद्धा. तिने तो हात तिथेच थांबवला. हवेत, अंगठ्याची शाई ओली असताना थांबवला होता तसा. क्षणभर सगळी खोली लांब गेली. जुना खांब, जुना खिळा, भिंतीकडे तोंड करून पडलेली पाठ, आणि तोंडात कोंबलेल्या कापडाची ती आंबूस चव. त्याग म्हणे! न विचारता काढून घेतलं आणि वर त्याला त्याग नाव ठेवलं! तिने पदर सोडून दिला. तो खांद्यावरून घसरून मांडीवर पडला, पडू दिला. मोकळ्या डोक्याने ती उठली, चार पावलं चालली, आणि भरल्या घरादेखत मशीनची पिन डब्यातून उपसली. मग डबाही उपसला. पिन सरळ बोर्डात बसवून बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, थोडं थांबलं, आणि हवा सुरू झाली. तिने डबा उचलून साहेबाच्या हातात दिला. तो अजून कोमट होता.

“आये!” मनोज दारातून ओरडला. “डोकं फिरलंय का तुझं?”

“आत्ता ताळ्यावर आलंय,” राहीबाई म्हणाली.

साहेब गोड हसला. “आजी, काही चुकलं का आमचं? अहो, तुमच्या एका एसीमुळे बाकीच्यांची लाइट जाऊ शकते.”

गर्दीतून शेजारची बायजाबाई कळवळून म्हणाली, “राहीबाय, खरंच गो. आमची लाइट परत जायला लागंल ना. पोरांचं अंग घामोळ्यांनी भरलंय.”

राहीबाई तिच्याकडे वळली. तिचा राग ह्या बायकांवर नव्हताच. “बायजा, तू दारातून हाळी दे. ‘राहीबाय, मशीन बंद कर गो, पोरं तळमळतायत.’ मी कवाच बंद करीन, माझ्या हातानं. आजवर तुझी हाळी मोडलीय का मी? पण हा कोण? ह्यानं मना हाळी दिली? बांधावर उघाडी उघडायची तर इचारत होते. समद्या गावाचं पाणी एका माणसासाठी थांबत होतं. मी काय त्या रोपांहून पण हलकी?”

म्हातारे दोघे-तिघे होते दाराबाहेर, ज्यांनी ती हाळी ऐकली होती, त्यांनी माना खाली घातल्या. साहेब डबा ह्या हातातून त्या हातात करत राहिला. “आजी, सिस्टीममध्ये विचारायची सोय नाहीये हो,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज पाठ केलेला वाटला नाही.

“सिस्टीमला न्हाय. तुला हाय ना तोंड? तू हितं उभा हायस. इचार.”

पोराने मनोजकडे बघितलं. मनोज जमिनीकडे बघत होता. पोराने घसा साफ केला. एवढ्या लोकांसमोर त्याला ते फार अवघड गेलं असावं, पण त्याने विचारलं. “आजी, एसी बंद करू का?”

राहीबाईच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. हा प्रश्न ऐकायला किती थांबली होती ती! आता हो म्हणावं, असं तिला एकदम वाटून गेलं, विचारलं ना बिचाऱ्याने, घे बाबा. सवयच ती. हो म्हणायचीच जिभेला सवय. तिने ते ‘हो’ जिभेवरून परत ढकललं.

“थांब,” ती म्हणाली. “माझं जेवाण व्हायचंय अजून.”

ती पलंगावर जाऊन मांडी घालून बसली. पाहुण्यांच्या पुढ्यात, पुरुषांच्या देखत, डोक्यावर पदर न घेता. आता कोण काय म्हणतंय ते बघू या, अशी ताठ. पहिली हलली ती निशा. ती आत गेली आणि ताट घेऊन आली. तांदळाची भाकरी, भात, आणि कालवणातलं बोईट, मधली मोठी तुकडी. निशाने ताट सासूपुढे ठेवलं, आणि कोणी न सांगता ट्यूबलाइटचं दुसरंही बटण दाबलं. खोली लख्ख झाली. मनोज “निशा!” म्हणाला, पण ती तिथेच पलंगाला टेकून उभी राहिली. राहीबाईने तुकडी दोन बोटांनी उकलली. पांढऱ्या मांसातले काटे उजेडात केसासारखे चमकत होते. तिने एक काटा धरून ओढला, नीट न्याहाळला, ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. तिला अजिबात घाई नव्हती. पाठीवर थंड हवा येत होती. घास तोंडात घातला तर तो इतका गोड लागला की तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने पुसले नाहीत.

साहेबाच्या हातात मोबाइल अजून चालूच होता. पलीकडचा माणूस मोठमोठ्याने विचारत होता, “साहेब, तो युनिट इकडं दिसतच नाय. काय झालंय तिकडं? साहेब, ऐकताय ना?”

पोराने मोबाइल कानाशी नेला. राहीबाईकडे बघितलं, ताटाच्या कडेला जमत चाललेल्या काट्यांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, “थांब जरा. आजी जेवतायत.”